स्टेशनबाहेरचा रविवार : रेडिओच्या नव्या इंटर्नसाठी

रेडिओ स्टेशनमध्ये इंटर्न म्हणून रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे स्टुडिओ असतो. हेडफोन, लाल दिवा, आरजेची खुर्ची. प्रत्यक्षात पहिल्या काही आठवड्यांतच प्रमोशन विभागाकडून निरोप येतो : रविवारी पहाटे साडेपाचला स्टेशनवर पोच, गाडी भरायची आहे. मग नागपुरात अंबाझरीजवळ फिरायला येणाऱ्यांसाठी सकाळचा कार्यक्रम असतो, किंवा धरमपेठेत, मानेवाड्यात, एखाद्या मॉलच्या आवारात संध्याकाळचा. कॅनोपी उभी करायची, खुर्च्या मांडायच्या, खेळ घ्यायचे, गर्दी सांभाळायची. बऱ्याच जणांना हे हमालीचं काम वाटतं आणि ते कसंबसं उरकतात. मला हे फार चुकीचं वाटतं. रेडिओ शिकायचा असेल तर स्टुडिओतल्या कित्येक दिवसांपेक्षा हा एक दिवस जास्त शिकवून जातो.

कारण साधं आहे. रेडिओवर बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही. नागपूरसारख्या शहरात तर तो आकड्यांतही दिसत नाही. टॅम या संस्थेचं रॅम नावाचं श्रोतामापन वर्षानुवर्षं दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि बंगळुरू या चारच महानगरांत झालं. आपल्या शहरात कोण, कुठे, कधी ऐकतं, हे स्टेशनला कळतं ते फोनवरून, मेसेजवरून आणि अशा मैदानी कार्यक्रमांतून. जाहिरातदारालाही आपला पैसा कुठे पोचतो, हे तिथेच डोळ्यांनी पाहता येतं. श्रोता ओळखण्याची ही गरज आजची नाही. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत रेडिओ ग्रामीण मंचाचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत माणसं एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न परत स्टेशनकडे जात. ऐकणाऱ्याचं म्हणणं ऐकून कार्यक्रम बदलायचे, हा त्यामागचा विचार होता. तुमच्या रविवारच्या कार्यक्रमाला स्पॉन्सर असतो, जिंगल असते, गिफ्ट हॅम्पर असतात. पण त्याचा उपयोग तोच व्हायला हवा. म्हणून खिशात एक छोटी वही ठेवा. ती कशासाठी, ते पुढे सांगतो.

आदल्या दिवशी

प्रोड्युसरकडून रनडाउन मागून घ्या आणि तो पाठ करा. किती वाजता साउंड चेक, किती वाजता आरजे येणार, लाइव्ह लिंक कुठल्या वेळांना, स्पॉन्सरचा उल्लेख कधी, बक्षिसं कोणती आणि किती. दिवसभरात दर पाच मिनिटांनी कोणीतरी तुम्हाला ‘आता काय आहे?’ असं विचारणार आहे. ज्या इंटर्नकडे या प्रश्नाचं उत्तर असतं, त्याच्याकडे दुपारपर्यंत सगळे त्याच प्रश्नासाठी यायला लागतात.

परवानग्या मिळवणं तुमचं काम नाही, पण त्यांच्या प्रतींची फाइल बहुधा तुमच्याच हातात दिली जाईल. त्यात काय असायला हवं हे माहीत करून घ्या. जागेच्या मालकाची परवानगी : जागा महापालिकेची असेल, नागपूर सुधार प्रन्यासची असेल किंवा खासगी. पोलीस ठाण्याची, लाऊडस्पीकरसाठी. रस्त्याकडेला गर्दी होणार असेल तर वाहतूक पोलिसांची. आणि संगीताची. स्टेशन दिवसभर गाणी वाजवतं म्हणून मैदानावरही ती वाजवता येतात, असा समज असतो. तो खरा नाही. प्रक्षेपणाचे हक्क वेगळे आणि सार्वजनिक जागी गाणं वाजवण्याचे हक्क वेगळे. त्यासाठी आयपीआरएस, पीपीएल अशा संस्थांकडून त्या कार्यक्रमापुरता परवाना काढावा लागतो. फाइलमध्ये तो दिसला नाही तर आदल्या दिवशीच विचारा. कार्यक्रम सुरू झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

आवाजाचे नियम तर तोंडपाठच हवेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. दिवसाची मर्यादा निवासी भागात ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५. रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयांभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र. धंतोली आणि रामदासपेठ या भागांत दर थोड्या अंतरावर दवाखाना आहे, तिथे जागा निवडताना हे अंतर खरोखर मोजायला हवं. आत एखादा रुग्ण पडलेला असताना बाहेर आपला ढोल वाजत असेल, तर तो श्रोता कायमचा गेला आणि जायलाच हवा.

शहराचं पंचांगही पाहा. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. तेव्हा पोलीस बंदोबस्तात असतात, सिव्हिल लाइन्स आणि सीताबर्डीच्या आसपास मोर्चे निघतात, रस्ते बंद होतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीकडे येणारे सगळे रस्ते माणसांनी भरून जातात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक असते, महाल-इतवारीत गाडी आत नेता येत नाही. बाहेरगावहून आलेल्या इव्हेंट कंपनीला हे ठाऊक नसतं. तुम्ही नागपूरचे असाल तर तुमची हीच माहिती त्या टीमसाठी सगळ्यांत मौल्यवान आहे. संकोच न करता सांगा.

ऊन, वारा आणि वीज

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यांत कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी दहानंतर मोकळ्यावर कार्यक्रम घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि इंटर्न असलात तरी तुम्ही ते बोलून दाखवा. घ्यावाच लागला तर सावली आधी, सजावट नंतर. डोक्याला दुपट्टा किंवा टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पिशवीत ओआरएसची पाकिटं. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहा. पन्हं, मठ्ठा उत्तम. रिकाम्या पोटी येऊ नका. गाडी निघायच्या आधी तर्री पोहे खाल्ले तर सकाळ निभते, पण उन्हाळ्यात तर्री जरा बेतानेच.

गर्दीत कोणी गरगरून खाली बसलं, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलेलं लागलं, तर तो उष्माघात समजून वागा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला, १०८ वर फोन करा. माणूस पूर्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका. आरजे स्टेजवर काहीही बोलत असो, त्या क्षणी तुमचं काम हेच.

वाऱ्याची धास्ती मला उन्हापेक्षा जास्त वाटते. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भात दुपारनंतर एकदम वावटळ उठते. स्टँडी आडव्या होतात त्याचं काही नाही, पण लोखंडी पाइपांची कॅनोपी उडाली तर माणसाला लागते. चारही पायांना वाळूची पोती किंवा पाण्याने भरलेले मोठे कॅन बांधलेत का, हे स्वतः हलवून पाहा. वारा वाढला की कॅनोपीखाली माणसं ठेवायची नाहीत, कापड सोडवून घ्यायचं.

विजेच्या जोडण्या साउंडवाल्यांना आणि इलेक्ट्रिशियनलाच करू द्या. तुम्ही एवढंच बघायचं की केबल लोकांच्या पायवाटेत येत नाही, येत असेल तर टेपने जमिनीला चिकटवलेली आहे, एक्स्टेंशन बोर्ड ओल्या गवतावर ठेवलेला नाही आणि जनरेटरपाशी लहान मुलं खेळत नाहीत. पिशवीत असू द्या : रुंद चिकटपट्टी, केबल टाय, कात्री, जाड मार्कर, सुतळी, कॉर्डलेस माइकचे सेल, मोबाइलची पॉवर बँक आणि एक मोठं प्लास्टिकचं कापड. पाऊस आला की आधी मिक्सर झाकायचा, मग बॅनर.

लोक

आता खरं काम. कॅनोपी उभी राहिली की पहिला माणूस येतो आणि विचारतो, ‘काऊन जी, काय वाटून राह्यले इथं?’ काहीजणांना हा प्रश्न फुकट्याचा वाटतो. मुळीच नाही. तो माणूस थांबला आहे, बोलतो आहे; तुम्ही त्याच्यासाठीच इथे आला आहात. त्याला तुमच्या स्टेशनचं नाव घोकून दाखवू नका. तो कुठून आला, काय करतो, गाडीत काय ऐकतो, असं विचारा.

ज्या भाषेत माणूस बोलेल त्याच भाषेत बोला. नागपूरच्या खासगी एफएमवर हिंदी जास्त ऐकू येते, म्हणून टीममधली मुलं समोर येईल त्याच्याशी हिंदीतच सुरू होतात. महालातली आजी मराठीत बोलत असेल आणि तिला हिंदीत उत्तर मिळालं, तर ती दोन वाक्यांत निघून जाते. वऱ्हाडी लहेजाची नक्कल मात्र कधीही करू नका. तो लहेजा तुमचा असेल तर मोकळेपणाने बोला, नसेल तर साधं मराठी पुरे. मोठ्यांना काका, मावशी, आजी, ऑटोवाल्याला भाऊ. एकेरी नको.

खेळ घेताना नियम आधी सांगा, मोठ्याने आणि दोनदा. कोण भाग घेऊ शकतं, बक्षीस नेमकं काय आहे, किती जणांना. ‘बंपर बक्षीस’ म्हणून ओरडायचं आणि हातात सवलतीचं कूपन ठेवायचं, हे लोक विसरत नाहीत. स्पॉन्सरच्या किंवा स्टेशनच्या ओळखीच्या माणसाला बक्षीस जाताना गर्दीला नेहमी कळतं. टीममधल्या कोणाचे नातेवाईक आले असतील तर त्यांना खेळात घेऊ नये, हे तुम्ही शांतपणे सांगू शकता. सोडत असेल तर चिठ्ठी गर्दीतल्या एखाद्या अनोळखी माणसाला काढायला द्या आणि नाव तिथेच वाचा. निकाल नंतर जाहीर होणार असेल तर कधी आणि कुठे, ते सांगा; भाग घेणाऱ्यांपासून अंतिम निकाल दडवणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित प्रथा आहे. दहा हजार रुपयांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापला जातो, आणि बक्षीस स्कूटरसारखी वस्तू असेल तर कराची रक्कम भरल्याशिवाय ती देता येत नाही. विजेत्याला हे स्टेजवरच कळलं पाहिजे. टाळ्या वाजवून घरी गेलेल्या माणसाला आठवड्याने कराचा फोन गेला तर त्याला ती फसवणूक वाटते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

लहान मुलांना बक्षीस मिळालं नाही तर ती रडतात. त्यांच्यासाठी फुगा, बिस्किटपुडा, स्टेशनचा बिल्ला असं काहीतरी वेगळं राखून ठेवा. फुग्याला प्लास्टिकची काडी नको. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झालेल्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या वस्तूंत ती आहे. प्लास्टिकचे झेंडे, सजावटीचं थर्मोकोल, प्लास्टिकचे पेले, १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनर हेही त्याच यादीत आहेत. व्हेंडरने आणले असतील तर गाडीतून उतरवतानाच प्रोड्युसरला दाखवा. बॅनर झाडाला, विजेच्या खांबाला, दुभाजकाला बांधू नका. परवानगी नसताना सार्वजनिक ठिकाणी असं काही लावणं १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरतं, आणि लावायला पाठवलेला मुलगा नेमका इंटर्न असतो.

नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेण्याचा फॉर्म जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात असतो. नंबर कशासाठी घेतोय ते लिहिणाऱ्याला सांगा. फक्त बक्षिसासाठी असेल तर तसं, पुढे जाहिरातीचे मेसेज येणार असतील तर तसं. त्यासाठी वेगळी खूण करायची जागा फॉर्मवर हवी. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे आणि १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला तो पालकांची संमती मागतो. मुलांचे फोटो स्टेशनच्या पेजवर टाकण्याआधीही आईवडिलांना विचारा. भरलेले फॉर्म टेबलावर उघडे पडू देऊ नका. एखाद्या मुलीचा नंबर तिथून कोणीही टिपून नेऊ शकतो.

माइक हाती आला तर तो स्वतःच्याच हातात ठेवा. समोरच्याला दिला की तो तोंडाला लावतो किंवा पोटाशी धरतो, आणि परत मिळवताना ओढाताण होते. त्याच्या तोंडापासून वीतभर खाली, थोडा तिरका धरा. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ असं विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. ‘सकाळी पहिलं गाणं कुठे ऐकता?’ असं विचारलं तर गोष्ट सुरू होते : इतवारीतलं दुकान उघडताना, बुटीबोरीच्या कंपनीच्या बसमध्ये, भाकरी थापताना. स्पीकरच्या समोर माइक घेऊन जाऊ नका, शिट्टी वाजते. लाइव्ह लिंक सुरू असताना आरजेच्या मागे उभं राहून बोलू नका. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. गर्दीत एखादा पुढारी आला, जवळच मोर्चा निघाला, अपघात झाला, तर उत्साहाने माइक तिकडे वळवू नका. प्रोड्युसरला सांगा आणि त्याचा निर्णय येईपर्यंत थांबा.

आणि आता ती वही. जो कोणी स्टेशनबद्दल काही बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. ‘दुपारी तीच तीच गाणी लावता’, ‘जाहिराती फार’, ‘काटोल रोडच्या पुढे आवाज फाटतो’, ‘सकाळचा पोरगा चांगला बोलतो’. सोबत साधारण वय, भाग आणि ऐकण्याची वेळ. नाव नको. सोमवारी ही पानं नीट उतरवून प्रोग्रामिंगच्या टेबलावर ठेवा. कोणी मागितली नसली तरी ठेवा. गर्दीचे फोटो सगळेच आणतात, लोकांचं म्हणणं आणणारा इंटर्न विरळा.

तुमच्यासाठी

कामाच्या वेळा, जेवण, प्रवासखर्च आणि विद्यावेतन मिळणार का, हे रुजू होतानाच लेखी विचारून घ्या. कॉलेजला ऑन जॉब ट्रेनिंगचे तास दाखवायचे असतील तर मैदानी कार्यक्रमांचे तासही त्यात धरले जातात का, ते विचारा. संध्याकाळचा कार्यक्रम आवरायला रात्रीचे अकरा होतात; मुलींनी घरी परतण्याची सोय काय, हा प्रश्न सकाळीच टीमसमोर ठेवावा, आणि तो ठेवायला मुलींनाच लागू नये.

कार्यक्रमात किंवा कंपनीच्या गाडीत कोणी त्रास दिला, मग तो क्लायंट असो, व्हेंडर असो वा टीममधला ज्येष्ठ, तर २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा इंटर्न मुलींनाही लागू आहे. विद्यावेतन मिळत नसलं तरी लागू आहे. कामानिमित्त जिथे जावं लागतं ती जागा आणि त्यासाठी दिलेलं वाहन, दोन्ही कायद्याने कामाची जागाच धरली जातात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि तक्रारीसाठी तीन महिन्यांची मुदत आहे. समितीवर कोण आहे, हे पहिल्याच आठवड्यात माहीत करून घ्या. तातडीची मदत ११२ वर मिळते.

कार्यक्रम संपला की आरजे निघून जातो, क्लायंट जातो, आणि मैदानावर कागद, पेले, फुग्यांच्या चिंध्या राहतात. सगळं गोळा करूनच गाडीत बसा. माइक, सेल, केबल यादीनुसार मोजून घ्या. विजेत्यांची यादी, सह्या आणि उरलेली बक्षिसं त्याच रात्री प्रोड्युसरच्या ताब्यात द्या. एक उरलेला टी-शर्टसुद्धा न विचारता घरी नेऊ नका. आणि ज्याला बक्षीस ‘नंतर ऑफिसातून घेऊन जा’ असं सांगितलं आहे, त्याला सोमवारी फोन करून ते तयार असल्याचं तुम्ही स्वतः कळवा.